डोंगरावरची पायवाट: आखणी, खोदाई आणि जुन्या चोरवाटा बंद करण्याची पद्धत

वस्ती पायथ्याला येऊन टेकली की डोंगरावरची मोकळी जागा बांधकामातून वाचते आणि पायांखाली झिजू लागते. प्रत्येक गल्लीच्या टोकाहून एक वाट निघते, सगळ्या वाटा सरळ माथ्याकडे धावतात आणि दोन-तीन पावसांत त्यांचे ओघळ होतात. मग उत्साही मंडळी झाडे लावतात, पाट्या ठोकतात, काटेरी कुंपण घालतात. ओघळ मात्र खोल होतच राहतो, कारण वाटेवरून वाहणाऱ्या पाण्याचे काहीच केलेले नसते.

एक नीट आखलेली वाट आधी तयार करायची आणि मग बाकीच्या बंद करायच्या, हा क्रम उलटा झाला तर काम फुकट जाते. खालचे टप्पे माणसांच्या चालण्याच्या वाटेसाठी आहेत. सायकली किंवा घोडे जाणार असतील तर रुंदी आणि वळणे वेगळी लागतात.

टप्पा 1: कुदळ उचलण्याआधीची पाहणी

पहिले काम कागदाचे. जागा कोणाच्या मालकीची, हद्द कुठे, खोदाईला कोणाची लेखी परवानगी लागते, हे स्पष्ट झाल्याशिवाय एक खुंटीसुद्धा रोवू नका. हद्दीची खात्री जागेवर जाऊन करा. नकाशावरची रेघ आणि जमिनीवरचा बांध जुळतीलच असे नाही.

मग नकाशा घेऊन चाला आणि त्यावर या गोष्टी टिपा:

- माणसे आत येण्याच्या सगळ्या जागा, कुंपणातल्या भगदाडांसकट. सकाळी, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वेगवेगळे मोजा.
- माणसे कुठे पोचू पाहतात: माथा, कडा, पाणी, सावली, मंदिर, दुसऱ्या बाजूची वस्ती.
- टाळायच्या जागा: झरे, दलदल, घरटी असलेले कडे, सुटे दगड असलेला उतार, दुर्मीळ वनस्पतींचे पट्टे आणि सपाट चिकणमातीचे तुकडे.
- वरून येणारे पाणी. वरच्या बाजूला नवा रस्ता झाला असेल तर त्याच्या मोऱ्या कुठे सुटतात ते मुसळधार पावसात उभे राहून पाहा. कोरड्या दिवसात ही माहिती मिळत नाही.

प्राण्यांच्या दृष्टीने एक मोठा अखंड तुकडा हा चार लहान तुकड्यांहून मोलाचा. म्हणून वाट शक्यतो गवताळ भाग आणि झाडी यांच्या सीमेवरून, आधीच वर्दळ असलेल्या बाजूने न्या. मधोमध नेलेली वाट दोन्ही बाजूंचे प्राणी बिथरवते.

जुन्या वाटांची मोजणीही याच टप्प्यात करायची. दर 20 मीटरवर चार आकडे लिहा: वाटेचा चढ, आडव्या डोंगरउताराचा (वाटेला काटकोनात, माथ्याकडून दरीकडे जाणाऱ्या बाजूच्या उताराचा) चढ, रुंदी आणि खोली. त्यावरून प्रत्येक तुकड्यापुढे ‘ठेवायचा’, ‘दुरुस्त करायचा’ किंवा ‘बंद करायचा’ असा शेरा पडतो. जुनी वाट सरसकट वाईट नसते. गुरांनी पाडलेली वाट पुष्कळदा डोंगराला आडवी आणि चांगल्या चढाची असते.

*तपासा:* माणसांना जिथे जायचे आहे त्या प्रत्येक ठिकाणाला नव्या आखणीत वाट मिळते का? एखादा प्रसिद्ध कडा वगळलात तर तिथे चोरवाट पडणारच. कडा नाजूक असेल तर त्याच्याइतकेच चांगले दृश्य दिसणारी दुसरी जागा शोधून वाट तिथे न्या.

टप्पा 2: चढ मोजायला शिका

इथे सर्वात मोठी गल्लत होते ती टक्के आणि अंश यांची. 100 मीटर आडव्या अंतरात 10 मीटर चढ म्हणजे 10 टक्के, आणि तो जेमतेम 5.7 अंश असतो. 45 अंश म्हणजे 100 टक्के. मोबाइलवरची बरीच उतारमापके अंश दाखवतात. ‘10’ वाचून तोच आकडा टक्के म्हणून लिहिला तर प्रत्यक्षात जवळजवळ 18 टक्क्यांची वाट आखली जाते.

क्लिनोमीटर (उतार मोजायचे उपकरण) नसेल तर ए-फ्रेम पुरते. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, पायांमध्ये बरोबर 2 मीटर अंतर ठेवा, मध्ये आडवी पट्टी ठोका आणि वरून ओळंबा सोडा. समपातळीची खूण अशी काढा: दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे रेघ मारा, मग त्याच दोन जागांवर पाय अदलाबदल करून दुसरी रेघ मारा. दोन्हींच्या मधोमध समपातळी. यानंतर फ्रेम सपाट जमिनीवर उभी करून एका पायाखाली 10 सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा. ही 5 टक्क्यांची खूण. 14 सेंटिमीटरला 7 टक्के, 20 सेंटिमीटरला 10 टक्के. दुसऱ्या पायाखाली ठोकळे ठेवून त्या बाजूच्याही खुणा करून घ्या, म्हणजे दोन्ही दिशांनी आखता येईल.

वारा असेल तर हे काम करू नका. ओळंबा हलतो आणि घाईत वाचलेला आकडा पुढे शेकडो मीटर चुकीचा नेतो.

टप्पा 3: आखणी

सगळ्या कामाचे यश या टप्प्यावर ठरते, म्हणून खोदाईपेक्षा आखणीला जास्त वेळ गेला तरी तो वाया गेला असे समजू नका. नियम तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळायचे आहेत.

*पहिला: वाटेचा चढ हा आडव्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा.* बाजूचा उतार 16 टक्के असेल तर वाट जास्तीत जास्त 8 टक्के. यापेक्षा तीव्र वाटेवर पाणी दरीकडे ओलांडून जात नाही, वाटेलाच धरून धावते. म्हणूनच जवळजवळ सपाट जमीन फसवी असते. तिथे 10 टक्के बाजूउतारावर 8 टक्क्यांची वाट दिसायला सौम्य वाटते आणि वर्षभरात नाली बनते.

*दुसरा: सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत.* बाजूचा उतार 40 टक्के असला तर पहिल्या नियमाने 20 टक्के चालतील, पण मातीत इतका चढ टिकत नाही. घट्ट खडकावर थोड्या अंतरासाठी 15 टक्के चालतात. भुसभुशीत मातीत तेही नाही.

*तिसरा: दर 10 ते 20 मीटरला उलट चढ.* म्हणजे चढणाऱ्या वाटेने मध्येच 3 मीटर अंतरात 20 ते 30 सेंटिमीटर खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे. वाटेवर साचत आलेले पाणी त्या खोलगट जागी थांबून दरीकडे सुटते. माती जितकी मऊ, तितके अंतर कमी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकते त्या दगडाचे वजन सिद्धांताने 64 पट होते. पाण्याला वेग घेऊ न देणे हाच या नियमाचा हेतू.

तिसरा नियम पाळताना हिशेब चुकतो तो असा. 120 मीटर उंची चढायची आहे, 10 टक्के धरले तर 1200 मीटर वाट, असे म्हणून लोक आखायला लागतात. पण प्रत्येक उलट चढाला मिळवलेली उंची थोडी गमवावी लागते. सुरुवातीलाच एकूण सरासरी 7 टक्के धरा. 20 मीटरच्या तुकड्यात निव्वळ 1.4 मीटर मिळवायचे, त्यातले 3 मीटर 20 सेंटिमीटर खाली गेले, तर उरलेल्या 17 मीटरमध्ये 1.6 मीटर चढावे लागते, म्हणजे साधारण 9.4 टक्के. यातून एकूण लांबी सुमारे 1700 मीटर येते. ही लांबी जागेत बसत नसेल तर चढ वाढवू नका. माथा सोडा किंवा काही भाग दगडी पायऱ्यांनी न्या.

आता खुंट्या. आधी टाळायच्या जागा चुकवून ठळक ठिकाणे ठरवा, मग ए-फ्रेमने त्यांच्यामध्ये आखत जा, दर 3 मीटरला एक खुंटी. सगळ्या खुंट्यांचा अर्थ एकच हवा: *खुंटी म्हणजे वाटेचा दरीकडचा काठ.* हे न सांगितल्याने एक जण खुंटीच्या वर खोदतो, दुसरा खाली, आणि वाट नागासारखी वळवळते. मोठी झाडे आणि खडक यांच्या वरच्या अंगाने वाट न्या. खालून नेली तर मुळे उघडी पडतात.

वळणे कमीत कमी ठेवा. प्रत्येक हेअरपिन वळण म्हणजे शॉर्टकटला आमंत्रण. वळण घ्यायचेच असेल तर उतार त्यातल्या त्यात कमी असलेल्या सोंडेवर घ्या, जिथे वरच्या आणि खालच्या वाटेच्या मध्ये खडक किंवा दाट झुडूप आहे. वळणापासून पहिल्या 10 मीटरमध्ये खालची वाट वरून दिसता कामा नये. वळणाच्या वर 5 मीटरवर एक उलट चढ हवाच, नाहीतर वरचे सगळे पाणी वळणावर येऊन कोसळते.

*तपासा:* आखणी दोन्ही दिशांनी चालून पाहा, आणि शक्य असेल तर एका मोठ्या पावसात. ज्याने आखणी केली नाही अशा माणसाला खुंट्यांवरून चालायला लावा. तो जिथे नकळत खुंटी सोडून सरळ जातो, तिथे पुढे सगळेच सरळ जाणार. आखणी तिथेच बदला.

टप्पा 4: साफसफाई

यात फार शिकण्यासारखे नाही. 1 मीटर वाटेसाठी दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच मोकळीक पुरे. फांदी खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर कापा, खुंट लांब ठेवू नका. तोडलेल्या फांद्या जाळू नका किंवा दरीत भिरकावू नका. टप्पा 7 मध्ये त्या सोन्याच्या मोलाच्या ठरतात.

टप्पा 5: खोदाई

माती ओलसर असताना खोदा, म्हणजे पाऊस संपल्यावर लगेच. कोरडी माती धुमसाने दबत नाही, चिखल तर मुळीच नाही.

हत्यारे: कुदळ, टिकाव, फावडे, घमेली, पहार, दाताळे, धुमस. पहार दोन तरी हव्यात, मोठा दगड एका पहारीने हलत नाही. काम करणाऱ्यांमध्ये निदान 3 मीटर अंतर ठेवा आणि वर खोदकाम चालू असताना खालच्या उतारावर कोणालाही उभे राहू देऊ नका.

क्रम असा:

1. पालापाचोळा आणि वरचा काळा, मुळांचा थर काढून वेगळा ढीग करा. हा थर वाटेत राहिला तर स्पंजासारखे पाणी धरतो. याची गरज जुन्या वाटा बंद करताना लागेल.
2. खुंटीपासून सुरुवात करून डोंगराच्या आत खोदत जा. वाटेची *पूर्ण* रुंदी अस्सल, न हललेल्या जमिनीत यायला हवी.
3. डोंगराकडची भिंत उभी ठेवू नका, 45 अंशांनी मागे तिरकी कापा. पक्क्या खडकात उभी चालेल.
4. वाटेला दरीकडे 5 टक्के ढाळ द्या. 1 मीटर रुंदीला 5 सेंटिमीटर.
5. दरीकडच्या काठावर मातीचा वरंबा राहिला असेल तर तो काढून काठ गोलसर करा.
6. धुमसाने पूर्ण रुंदी ठोकून घ्या.

निम्मी वाट खोदून निघालेली माती बाहेर टाकायची आणि तिच्यावर उरलेली निम्मी वाट काढायची, हा मोह आवरा. मेहनत अर्धी वाटते. पण भरावाचा काठ दबतो, दबलेल्या जागी पाणी थांबते, आणि एका मोठ्या पावसात काठ घसरतो.

मातीचा अंदाज आधी घ्या. 40 टक्के उतारावर 1 मीटर रुंद वाट खोदताना डोंगराकडे 35 सेंटिमीटर खोल जावे लागते आणि तिरक्या भिंतीसाठी आणखी सुमारे 58 सेंटिमीटर जमीन जाते. दर मीटरला सुमारे 0.28 घनमीटर, म्हणजे 100 मीटरला 28 घनमीटर माती, आणि सुटी झाल्यावर ती फुगते. ही माती खालच्या उतारावर पातळ पसरा, एका जागी ढीग नको. ओघळात किंवा नाल्यात तर अजिबात नको.

*तपासा:* दर 10 मीटरला वाटेवर बादलीभर पाणी ओता. ते दोन पावलांच्या आत दरीकडे उतरले पाहिजे. वाटेला धरून पुढे सरकले तर ढाळ कमी आहे. ढाळाचे काम ‘नंतर बघू’ म्हणून सोडले तर ते कधीच होत नाही.

टप्पा 6: नाला ओलांडणे, पायऱ्या, भिंत

नाला ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी नाल्याकडे *उतरत* यावी. एका बाजूने उतरत येऊन दुसऱ्या बाजूने उतरतच पुढे गेली, तर मोठ्या पुरात नाला आपला मार्ग सोडून वाटेनेच वाहू लागतो. तळाशी मोठे सपाट दगड जमिनीच्या पातळीत बसवा, उंचावू नका.

पायऱ्या खालून वर बसवत जा. उठाव 15 ते 20 सेंटिमीटर, पाऊल ठेवायची जागा निदान 30 सेंटिमीटर. वरच्या दगडाचा पुढचा भाग खालच्या दगडाच्या मागच्या भागावर टेकला पाहिजे. एका माणसाला सहज उचलता येणारा दगड पायरीला वापरू नका, तो हलतोच. उठाव 20 सेंटिमीटरच्या वर गेला की लोक पायरी टाळून कडेच्या मातीवरून चढतात, म्हणून दोन्ही बाजूंना ओबडधोबड मोठे दगड अर्धे पुरून ठेवा.

काठाला भिंत लागलीच तर कोरडी, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय, रचाई करा, पाणी झिरपायला वाट राहते. पाया न हललेल्या जमिनीत, डोंगराकडे झुकता. तळाची जाडी उंचीच्या निम्मी तरी हवी. दर 4 सेंटिमीटर उंचीला दर्शनी बाजू 1 सेंटिमीटर आत घ्या. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, आणि लांब दगड आडवे आत घुसवा. ते पुढे दिसण्यासाठी लांबट लावले तर भिंत देखणी होते आणि कोसळते.

इशारा: वाटेवर तिरक्या लाकडी ओंडक्यांचे आडबांध टाकून पाणी वळवण्याची पद्धत फार प्रचलित आहे. त्यांच्या मागे गाळ भरतो, मग पाणी वरून उडी मारून खाली खड्डा पाडते, आणि लाकूड कुजते ते वेगळेच. आखणीत उलट चढ असेल तर त्यांची गरज पडत नाही. जुनी वाट ठेवायचीच असेल तिथे उपाय म्हणून ठीक, पण दर पावसाआधी गाळ उपसणारा माणूस नेमलेला हवा.

टप्पा 7: जुन्या वाटा बंद करणे

नवी वाट खुली झाल्यावर आणि लोक तिच्यावर चालू लागल्यावरच हे काम हाती घ्या. पाटी आणि काटेरी तार यांनी वाट बंद होत नाही. ती *दिसेनाशी* झाली की बंद होते.

आधी पाणी. जुन्या वाटेच्या वरच्या टोकाला पाणी कुठून शिरते ते शोधून तिथेच बाजूला वळवा. मग ओघळात अनघड दगडांचे बांध घाला. बांधांमधले अंतर डोळ्यांनी ठरवू नका: खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत यावेत. म्हणजे बांधाची उंची भागिले उतार. 30 सेंटिमीटर उंच बांध, 20 टक्के उतार, तर अंतर दीड मीटर. 30 टक्के उताराला 1 मीटर. अंतर जास्त ठेवले तर दोन बांधांमधला तळ खरवडला जातो आणि वरचा बांध पायापासून सुटतो. लोक बहुधा थोडे, उंच बांध घालतात. बुटके आणि जवळजवळचे घाला.

प्रत्येक बांध दोन्ही काठांत 30 सेंटिमीटर आत रुतवा, आणि त्याचा मधला भाग कडांपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर खाली ठेवा. मधला भाग उंच राहिला तर पाणी कडेने फिरून नवा ओघळ पाडते. हे सर्रास घडते.

बांधांनंतर जमीन. वर्षानुवर्षे तुडवलेली माती विटेसारखी घट्ट झालेली असते, तिच्यात बी रुजत नाही. 15 ते 20 सेंटिमीटर खोल टिकावाने उलटी करा. तळ गुळगुळीत करू नका, ढेकळे तशीच राहू द्या. टप्पा 5 मध्ये बाजूला ठेवलेला काळा थर यावर पसरा. त्यात तिथल्याच गवताचे बी असते. बी बाहेरून आणायचे झाल्यास त्याच डोंगरावरचे, त्याच उंचीवरचे. गवताळ उतारावर झाडांची रोपे दाटीने लावणे हा उपाय समजला जातो, पण तिथे मुळात गवतच असेल तर झाडांच्या सावलीने ते मरते आणि माती पुन्हा उघडी पडते.

शेवटी नजर बंद करा. नव्या वाटेपासून जुनीच्या पहिल्या 15 मीटरवर टप्पा 4 मधल्या फांद्या आणा. नुसत्या आडव्या टाकल्या तर लोक बाजूला सारतात. जाड टोके 30 सेंटिमीटर पुरून त्या झुडपासारख्या उभ्या करा, मध्ये मोठे दगड अर्धे गाडा. खालच्या टोकालाही हेच, कारण वर जाणारे तिथूनच शिरतात. मधला भाग इतका झाकावा लागत नाही.

*तपासा:* एका अनोळखी माणसाला नव्या वाटेवरून चालवा. त्याला फाटा दिसला का, विचारा. दिसला असेल तर काम अपुरे आहे.

टप्पा 8: पहिले दोन पाऊसकाळ

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन पूर्ण वाट चाला. जिथे पाणी वाटेला धरून 5 मीटरपेक्षा जास्त वाहते तिथे लगेच खुंटी ठोका. पाऊस थांबल्यावर त्या जागा सापडत नाहीत. चिखल झालेल्या ठिकाणी मुरूम टाकण्याची घाई करू नका. पाण्याला बाहेर काढले की बहुतेक चिखल आपोआप आटोपतो, आणि पाणी तसेच ठेवून टाकलेला मुरूम त्यात गडप होतो. चिखल टाळून लोक कडेने चालू लागले की मीटरभराची वाट बघता बघता चार मीटर होते, म्हणून ही दुरुस्ती आठवड्याभरात व्हायला हवी.

वर्षातून एकदा दरीकडच्या काठावर पुन्हा साचलेला वरंबा दाताळ्याने ओढून काढा आणि उलट चढांच्या खोलगट जागी साचलेला गाळ उपसा. देखभालीचे निम्मे काम एवढेच असते.

झीज मोजण्यासाठी दर 50 मीटरवर वाटेच्या दोन्ही कडांना एकेक लोखंडी खिळा कायमचा रोवा. दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणून दर 10 सेंटिमीटरला दोरीपासून जमिनीची खोली मोजा आणि रुंदीही लिहा. त्याच जागेवरून, त्याच दिशेला, त्याच महिन्यात एक फोटो घ्या. मधला भाग कडांपेक्षा खोल होत चालला असेल तर ढाळ हरवला आहे. रुंदी वाढत असेल तर चिखल, उंच पायरी किंवा गर्दी यांपैकी एक कारण असते. सगळी रुंदी सारखी खोल होत असेल तर चढच जास्त आहे. अशा तुकड्याची दरवर्षी डागडुजी करत बसण्यापेक्षा तो बंद करून टप्पा 3 पासून नव्याने आखा.